फाईलरीडर: आपल्याकडच्या जुन्या मराठी-कन्नड फायली ब्राऊझरमध्ये उघडायला कसं आहे, वापरून सांगतोय

आधी निकाल सांगतो. ब्राऊझरमध्ये जावास्क्रिप्टनं टेक्स्ट फाईल वाचायची असेल तर दोन रस्ते आहेत, एक जुनं फाईलरीडर आणि दुसरं त्यामानानं नवीन 'फाईल डॉट टेक्स्ट', आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या आपल्या पट्ट्यातल्या फायली उघडायच्या असतील तर जुनंच घ्या. फाईलरीडरला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, नवीनला तीन. नेटवर बहुतेक जण उलटं सांगतात, नवीन सुटसुटीत आहे तेच वापरा म्हणून, आणि इंग्रजी फायलींसाठी ते खरं पण आहे, पण आमच्याकडच्या पेनड्राईव्हमध्ये काय काय भरलेलं असतं ते त्यांना कुठं ठाऊक.

काम काय होतं ते सांगतो. इकडं थंडी पडली की गावोगावी मराठी साहित्य संमेलनं सुरू होतात, कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी, प्रत्येकाचं आपापलं. ग्रंथदिंडी निघते, भाषणं होतात, कविसंमेलन होतं, आणि त्या सगळ्याचे कागद, म्हंजे कविता, स्वागताची भाषणं, ठराव, सूत्रसंचालनाच्या ओळी, हे कुणीतरी कुठंतरी टाईप करून ठेवलेलं असतं. आमच्या वाचनालयात अशा टेक्स्ट फायलींचा मोठा साठा जमलाय. कुणी शहरात जाऊन डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं, कुणी शाळेच्या लॅबमध्ये बसून, कुणी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर, अलीकडची पोरं तर थेट मोबाईलवर. त्यात मराठीच्या मधेच कन्नड पण येतं कारण परवानगीचं पत्र, ऑफिसला दिलेला अर्ज हे त्याच फाईलीत खाली चिकटवलेलं असतं. हे सगळं मोठ्या अक्षरात स्क्रीनवर वाचता यावं, काही इन्स्टॉल करावं लागू नये आणि नेट नसलं तरी चालावं, एवढीच मागणी होती. ही माणसं किती जीव लावून लिहितात ते मी बघितलंय, शेतातून येऊन रात्री बसून लिहिलेल्या कविता आहेत त्या, पेनड्राईव्हमध्ये बंद पडून राहिल्या तर लई वाईट वाटतं.

फाईलरीडर काही आजचं नाही. २०१० सालच्या फायरफॉक्स ३.६ मध्ये ते पहिल्यांदा आलं, नंतर सगळ्या ब्राऊझरांनी घेतलं, त्यामुळं वाचनालयातल्या जुन्या मशीनवर पण बिनतक्रार चालतं. वापरायला सोपं. पानावर फाईल निवडायचं बटण ठेवायचं, माणसानं फाईल निवडली की फाईलरीडरला सांगायचं ही टेक्स्ट म्हणून वाच, आणि वाचून झालं की तो 'ऑनलोड'मध्ये कळवतो, मजकूर 'रिझल्ट'मध्ये मिळतो. त्यात थोडं वाट बघायचं लिखाण जास्त आहे एवढंच. नवीन 'टेक्स्ट' २०१९ च्या सुमाराला क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आलं, सफारीत त्याच्या पुढच्या वर्षी, आणि त्यात एका ओळीत काम होतं, अवेट लावलं की मजकूर हातात. लिहायला नवीनच छान, त्याबद्दल माझा वाद नाही.

वाद आहे तो एन्कोडिंगचा, म्हंजे अक्षरं फाईलीत कुठल्या बाईटांच्या रूपात साठवायची त्या पद्धतीचा, आणि तो नीट समजून घ्या कारण आपलं सगळं घोडं इथंच अडतं.

आमच्याकडचे एक रिटायर्ड गुरुजी स्वतःच्या कवितांची फाईल घेऊन आले. नवीन पद्धतीनं उघडली तर वर दोन काळे शंकरपाळे, पोटात प्रश्नचिन्ह असलेले, असे � �, आणि खाली सगळी चिन्हं विखुरलेली. गुरुजी म्हणाले, "मी तर घरात बरोबर टाईप केलोय की, तिथं सगळं नीट दिसायलंय, हे काय झालं बघा की जरा." त्यांचं टायपिंग खरंच बरोबर होतं. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली एन्कोडिंगचे चार पर्याय यायचे, एएनएसआय, युनिकोड, युनिकोड बिग एन्डियन आणि यूटीएफ-८. आता मराठी लिहिणारा माणूस स्वाभाविकच 'युनिकोड' निवडणार, नाव तेच ऐकलेलं असतं. पण त्या पर्यायाचा खरा अर्थ यूटीएफ-१६ असा होता, आणि 'फाईल डॉट टेक्स्ट' यूटीएफ-८ सोडून दुसरं काही मानतच नाही, त्याला वेगळं एन्कोडिंग सांगायची जागाच नाही.

मग काय होतं ते एका शब्दावर बघा. यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला दोन बाईट असतात आणि त्यातला दुसरा बाईट नेहमी ०९ असतो, आणि ०९ म्हंजे टॅब. पहिला बाईट बऱ्याच अक्षरांचा साध्या इंग्रजी कळफलकावरचं कुठलं तरी चिन्ह निघतो, अ पासून ट पर्यंतच्या अक्षरांचा मात्र पडद्यावर नीट न दिसणारं. म्हणून 'मराठी' हा शब्द यूटीएफ-८ समजून वाचला तर म च्या जागी टिंब, र च्या जागी शून्य, काना म्हणून >, ठ च्या जागी रिकामी जागा आणि दीर्घ वेलांटी म्हणून @, आणि प्रत्येकाच्या मधे टॅब. म्हंजे पडद्यावर हे असं:

.  0  >     @

असं विखुरलेलं दिसलं आणि सुरवातीला दोन शंकरपाळे असले तर घाबरू नका, फाईल शाबूत आहे, एक अक्षर पण गेलेलं नाही, वाचणारा चुकीच्या पद्धतीनं वाचतोय. कन्नड ओळींचं त्याच फाईलीत वेगळंच होतं, कन्नड अक्षरांचा पहिला बाईट ८० च्या वरचा पडतो, तो यूटीएफ-८ मध्ये एकटा चालत नाही, त्यामुळं कन्नडच्या जागी नुसते शंकरपाळेच शंकरपाळे. एकाच फाईलीत मराठीची चिन्हं झालेली आणि कन्नडचे शंकरपाळे झालेले बघितल्यावर माणसाला वाटणार फाईल पार करप्ट झाली. कितीतरी जणांनी अशा फायली डिलीट करून टाकल्या असतील, ह्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

तीच फाईल जुन्या फाईलरीडरला दिली. काहीही वेगळं सांगितलं नाही, नुसतं टेक्स्ट म्हणून वाच म्हटलं, आणि कविता जशीच्या तशी उभी राहिली, कन्नड पत्रासकट. कारण फाईलरीडर फाईलीच्या सुरवातीची खूण आधी बघतो. यूटीएफ-१६ मध्ये सेव्ह करताना नोटपॅड पहिले दोन बाईट खुणेचे घालतं, ते बघून फाईलरीडर स्वतःच ठरवतो की ही अशी वाचायची. नवीनवाला ही खूण बघून रस्ता बदलत नाही. बास, माझ्या दृष्टीनं इथंच निकाल लागला. गुरुजींनी खुर्ची पुढं ओढून पहिलं कडवं मोठ्यानं वाचून दाखवलं.

काही फायलींना ती खूण नसते, कुठल्या तरी सॉफ्टवेअरमधून निघालेल्या असतात. तिथं पण फाईलरीडरमध्ये सोय आहे, वाचताना दुसऱ्या जागी एन्कोडिंगचं नाव देता येतं. मी पानावर एक छोटा ड्रॉपडाऊन ठेवलाय, 'आपोआप', 'यूटीएफ-८', 'यूटीएफ-१६', 'विंडोज-१२५२', नीट दिसलं नाही तर माणूस स्वतः बदलून बघतो. वाचनालयातल्या वहिनींना हे एकदा दाखवलं की पुरे झालं, आता त्याच लोकांना करून देतात.

आणखी एक ओळखायची खूण सांगून ठेवतो, आपल्या भागात उपयोगी पडते. उलट झालं, म्हंजे चांगली यूटीएफ-८ फाईल कुणी विंडोज-१२५२ समजून वाचली, तर सगळीकडं डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी ए दिसायला लागतो. त्याच्या लगेच पुढचं चिन्ह बघा. चार टोकं फुटलेलं गोल ¤ किंवा येनचं चिन्ह ¥ असेल तर तो मजकूर देवनागरी आहे, आणि वर चढवलेला छोटा ² किंवा ³ असेल तर कन्नड. देवनागरी आणि कन्नड दोन्हींना यूटीएफ-८ मध्ये अक्षरामागं तीन बाईट लागतात, पहिला दोघांचा सारखाच, दुसऱ्यात फरक पडतो, म्हणून हे जमतं. फाईल नीट उघडायच्या आधीच कळतं की हे मराठी पत्र आहे का कन्नड.

आता जिथं फाईलरीडर पण हात टेकतो ते स्पष्ट सांगायला पाहिजे, उगाच आशा नको. नुसती ???? ???? अशी फाईल आली तर ती गेली. जुन्या नोटपॅडचा साधा पर्याय एएनएसआय होता, मराठी लिहून तसंच सेव्ह करायला गेलं की ते विचारायचं की अक्षरं जातील, चालेल का, आणि लोक ओके दाबून मोकळे. मग प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं, कुठलंही एन्कोडिंग लावा, मूळ अक्षर फाईलीत नाहीच. आमच्याकडं एका संमेलनाच्या स्वागताच्या भाषणाचं असंच झालंय, कुठल्या तरी सेंटरवर सेव्ह करताना, त्याचा छापील कागद शोधणं चाललंय. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून नोटपॅड मुळातच यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं, त्यामुळं नवीन फायलींना हा धोका राहिला नाही.

दुसरा प्रकार जुन्या फॉन्टांचा. श्रीलिपी, कृती देव, शिवाजी, कन्नडमध्ये जुनी नुडी, ह्यात टाईप केलेल्या फायलीत आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी-कन्नडचा चेहरा देतो. ब्राऊझरमध्ये उघडली की तो चेहरा उतरतो. इथं एन्कोडिंग बदलून काही उपयोग नाही, एकतर तोच फॉन्ट पानाला लावायला पाहिजे नाहीतर अक्षराला अक्षर लावणारा कन्व्हर्टर पाहिजे, आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. हा फाईलरीडरचा दोष नाही म्हणून मार्क कापले नाहीत.

वाचल्यानंतर दाखवणं, हे अर्धं काम आहे आणि बरेच लोक इथं घाई करतात. मजकूर पानावर टाकताना 'इनर एचटीएमएल' वापरू नका, 'टेक्स्ट कंटेंट' वापरा. कारण इनर एचटीएमएलमध्ये फाईलीतला मजकूर एचटीएमएल समजून घेतला जातो. पत्राच्या खाली कुणी आपला ईमेल < > अशा टोकदार कंसात लिहिलेला असला तर तो पडद्यावरून गायब, कारण ब्राऊझरला वाटतं हा टॅग आहे. आणि बाहेरून आलेल्या फाईलीत कुणी मुद्दाम काही घुसडलेलं असेल तर ते चालू पण होऊ शकतं. टेक्स्ट कंटेंटमध्ये जे लिहिलंय तेच दिसतं, अक्षर न् अक्षर.

दुसरं म्हंजे ओळी. काही केलं नाही तर ब्राऊझर सगळ्या ओळी एकात एक मिसळतो, कवितेचा सरळ निबंध होतो. 'व्हाईट-स्पेस' ला 'प्री-रॅप' द्या, त्यानं ओळ जिथं मोडलीय तिथंच मोडते, ओळीच्या सुरवातीला कवीनं सोडलेली जागा तशीच राहते, आणि लांब ओळ स्क्रीनच्या बाहेर न पळता खाली येते. नुसतं 'प्री' दिलं तर मोबाईलवर ओळ बाजूला सरकत जाते, अंगठ्यानं ढकलत वाचावं लागतं, म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही. अक्षर २२-२४ पिक्सेल आणि ओळींमधलं अंतर १.८ ठेवा, देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, जागा कमी दिली तर ते एकमेकांना चिकटतात. फॉन्टमध्ये निर्मला यूआय आणि मागं नोटो सॅन्स देवनागरी, नोटो सॅन्स कन्नड अशी नावं द्या, दोन्ही लिप्या एकाच पानावर नीट बसतात.

आता मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट. फाईल कुठंच जात नाही. आधी एका ऑनलाईन साईटवर फाईल उघडून बघितली होती, तिथं आधी अपलोड, मग जाहिराती, मग आपली फाईल त्यांच्या सर्व्हरवर. ह्या फायलीत लोकांचे फोन नंबर, पत्ते, अर्ज असतात, ते कुणाच्या सर्व्हरवर का म्हणून टाकायचे. फाईलरीडरमध्ये सगळं त्याच मशीनच्या मेमरीत होतं, नेटची वायर काढून ठेवली तरी चालतं. आणि पान स्वतःहून कुठलीच फाईल उघडू शकत नाही, माणसानं हातानं निवडून दिली तरच. एवढंच कशाला, फाईल मशीनवर कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते पण पानाला कळत नाही, फाईलच्या बटणाची 'व्हॅल्यू', म्हंजे त्यात साठलेलं नाव, वाचायला गेलं तर 'सी' ड्राईव्हवरचा 'फेकपाथ' असा खोटा पत्ता मिळतो. हे मुद्दाम असं केलंय आणि चांगलं केलंय.

पान डेस्कटॉपवर एकच फाईल म्हणून ठेवलंय, डबल क्लिक केलं की उघडतं. इथं 'फेच', म्हंजे पानानं स्वतः फाईल मागवून आणायची सोय, वापरायच्या नादाला लागू नका, डबल क्लिकनं उघडलेल्या पानावरून शेजारची टेक्स्ट फाईल फेचनं आणायला गेलं की ब्राऊझर अडवतो, त्याला सर्व्हर लागतो. पुढंमागं वाचनालयाची वेबसाईट झाली तर फेचच बरं, तोवर नको.

मोठी फाईल असेल तर 'स्लाईस' करून तुकड्या-तुकड्यानं वाचता येते, पण तिथं पण आपलं तीन बाईटचं अक्षर मधेच कापलं जातं आणि प्रत्येक जोडावर एखादा शंकरपाळा उगवतो. त्यासाठी 'टेक्स्टडीकोडर' घ्या आणि 'स्ट्रीम' चालू ठेवा, तो अर्धवट राहिलेलं अक्षर धरून ठेवतो आणि पुढचा तुकडा आला की पुरं करतो. तसं कवितांच्या फायली काही केबीच्याच असतात, मला गरज पडली ती एकाच मोठ्या जमवलेल्या फाईलीला.

शोधायची सोय घालणार असाल तर एक अडचण फक्त आपल्यालाच येते. 'शेतकऱ्यांनी' हा शब्द शोधला तर काही फायलीत सापडतो, काहीत सापडत नाही, आणि डोळ्याला दोन्ही सारखेच. ह्यातलं ऱ्या दोन तऱ्हांनी टाईप होतं, एक खास ऱ वापरून आणि एक साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. सारखी दिसणारी अक्षरं एका साच्यात आणणारं 'नॉर्मलाईज' केलं तरी हे दोन एक होत नाहीत. शोधायच्या आधी दुसरी तऱ्हा पहिलीत बदलून घ्यायची, मजकुरात पण आणि शोधशब्दात पण. नुसता जोडक काढून टाकलात तर रफार होतो, शब्दच बदलतो. शेतकऱ्याचा, दऱ्या, वाऱ्यावर, पुढाऱ्यांना, आपल्याकडच्या कवितेत हे शब्द पानोपानी आहेत, त्यामुळं एवढं केल्याशिवाय शोध लावूच नका.

अर्धा मार्क कशाला कापला? दोन गोष्टी. पान रिफ्रेश झालं की फाईल परत निवडावी लागते, त्याला आठवण राहत नाही, लाईट गेली आली की पहिल्यापासून. क्रोममध्ये फाईल लक्षात ठेवणारी वेगळी सोय आहे, डेस्कटॉपवर ८६ नंबरच्या व्हर्जनपासून, पण फायरफॉक्स आणि सफारीत तशी फाईल निवडायची सोय नाही, मग वाचनालयात एका मशीनवर चालणार आणि दुसऱ्यावर नाही, ते कुणाला समजावत बसायचं. दुसरी, तीच फाईल लागोपाठ परत निवडली तर बटणाला बदल झाला असं वाटतच नाही, पडदा गप्प. गुरुजींनी नोटपॅडमध्ये ओळ दुरुस्त करून तीच फाईल परत निवडली तर जुनंच दिसत राहणार. वाचून झाल्यावर बटणाची 'व्हॅल्यू' रिकामी करून ठेवा, मग चालतं. फाईल माऊसनं ओढून टाकायची सोय दिलीत तर 'ड्रॅगओव्हर' आणि 'ड्रॉप' दोन्ही अडवा, नाहीतर ब्राऊझर आपलं पान सोडून तीच फाईल उघडून बसतो.

मोबाईलवर पण हेच पान चालतं, फाईलचं बटण दाबलं की फोनमधल्या फायली येतात, व्हॉट्सअॅपवर आलेली टेक्स्ट फाईल आधी फोनमध्ये सेव्ह करून घ्यायची आणि मग निवडायची. बऱ्याच फायली एकदम निवडल्या तर नंबराप्रमाणं लावून घ्या, क्रम लावताना 'न्यूमेरिक' चालू करा म्हंजे कविता १० ही कविता २ च्या आधी येणार नाही. कविसंमेलनाच्या सूत्रसंचालकाला क्रम बरोबर पाहिजे असतो, येत्या संमेलनात फोन हातात धरून ह्याच पानावरून नावं पुकारायची असं ठरलंय.